श्रमदानाचे गुण आणि बांधाची खांड

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे शाश्वत विकासासाठीचे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केले आहे, आणि राज्यात १७ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झालेल्या मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानाने लोकसहभाग व श्रमदान हा ग्रामपंचायतींच्या मूल्यमापनाचा एक स्वतंत्र घटक ठरवला आहे. या दोन्हींच्या निमित्ताने गावोगावी झाडू, घमेली आणि फलक यांची जी लगबग सुरू झाली, तिची छायाचित्रे वाचकांनी पुरेशी पाहिली असल्याने तिचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. स्वेच्छेने केलेले काम एका सकाळपुरते न राहता पिढ्यानपिढ्या टिकते ते कशामुळे, हा प्रश्न मात्र या लगबगीत कोणी विचारताना दिसत नाही. आणि रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे या दोन तालुक्यांच्या इतिहासात त्याचे उत्तर शोधण्याजोगी सामग्री विपुल आहे.

आशियातील सार्वजनिक सेवेसाठी दिला जाणारा रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळालेल्या तीन व्यक्तींची नाळ या चिमुकल्या टापूशी जुळलेली आहे, ही बाब जिल्ह्याबाहेर फारशी कोणाच्या ध्यानात नसते. १९५८ मध्ये हा पुरस्कार मिळालेले विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. १९५९ चे मानकरी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्याशी निगडित होते. आणि १९९६ मध्ये गौरवले गेलेले पांडुरंगशास्त्री आठवले १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यातच जन्मले. यांपैकी विनोबा आणि पांडुरंगशास्त्री यांनी दानाच्या कल्पनेला दोन निरनिराळी वळणे दिली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे सुरू झालेल्या भूदानात दात्याने एकदाच द्यायचे होते, आणि दान स्वीकारल्यावर पुढची व्यवस्था दुसऱ्या कोणी लावायची होती. परिणामी चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दान म्हणून नोंदली गेली खरी, पण तिचा मोठा भाग वाटपाविना कागदावरच राहिला. याउलट पांडुरंगशास्त्रींच्या स्वाध्याय परिवाराने उभारलेल्या योगेश्वर कृषीत, म्हणजे आसपासच्या गावांतील स्वाध्यायींनी मिळून कसलेल्या सामूहिक शेतात, मागितली जाते ती पाळी: प्रत्येकाने वर्षातील ठरावीक दिवस पुजारी या नात्याने तेथे राबायचे आणि आलेले पीक कोणा एकाचे न मानता गरजूंपर्यंत प्रसादरूपाने पोचवायचे. श्रद्धेच्या चौकटीबाहेरच्या माणसाला ही पाळी लागू होत नाही, ही तिची उघड मर्यादा आहे. तरीही काम टिकवण्याच्या दृष्टीने पाळीची रचना एकरकमी दानापेक्षा सरस ठरते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

पाळीची ही रचना या भागाला नवी नव्हती, आणि येथे खारेपाटाकडे वळणे भाग आहे. धरमतर खाडी, अंबा व पाताळगंगा या नद्यांची मुखे आणि त्यांना मिळणारे ओहोळ यांच्या काठी पसरलेल्या, समुद्रसपाटीच्या जेमतेम वर किंवा भरतीच्या पातळीखाली असलेल्या भातजमिनीला खारेपाट म्हणतात; पेण तालुक्यातील वाशी, वढाव, दादर ही गावे याच पट्ट्यातील. ही जमीन निसर्गाने दिलेली नसून माणसांनी खाडीकडून मागून घेतलेली आहे. ज्यांनी प्रथम बांध घालून ती उठवली त्यांना सवलतीच्या साऱ्याने ती देण्यात आली आणि त्या बदल्यात बांधाच्या देखभालीची जबाबदारी त्यांच्यावर सोपवण्यात आली. शिलोत्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या धारणापद्धतीची नोंद ब्रिटिश काळातील कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आढळते. प्रत्यक्ष राखणीसाठी गावाने जी व्यवस्था रूढ केली होती तिला जोळ म्हणतात: बांधाच्या आत ज्याचे शेत त्याच्या घरातून बांधाच्या कामाला माणूस, आणि बोलावणे आले की हातातले काम टाकून त्याने हजर व्हायचे.

जोळ समजून घ्यायची तर बांध फुटतो कसा हे आधी पाहावे लागते. खाडीकडील मुख्य बांधाला बाह्यकाठा म्हणतात. तो चिकणमातीचा असतो आणि लाटांचा मारा जेथे अधिक तेथे त्याला दगडांचे अस्तर दिलेले असते. पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर जावे आणि भरतीचे पाणी आत येऊ नये यासाठी बांधात ठिकठिकाणी झडपेची दारे बसवलेली असतात, त्यांना उघाडी म्हणतात. खेकडे आणि उंदीर बांधात बिळे पाडतात. अशा एखाद्या बिळातून भरतीच्या वेळी बोटभर पाणी पाझरू लागते, ते मातीचा एक एक कण बाहेर ओढते, आणि अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला, म्हणजे उधाणाला, त्या ठिकाणी बांध खचून खांड पडते. पडलेली खांड दर भरतीगणिक रुंदावत जाते. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते, पण पाणी उतरून चिखलात पाय रोवता येण्याजोगा अवधी त्यातून चार-पाच तासांचाच मिळतो, आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्याने काम कधी भर दुपारी तर कधी मध्यरात्रीनंतर करावे लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ तासांत मिळते, हा किनाऱ्यावरचा हिशेब. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती येणार, हे तोंडपाठ असलेल्या माणसाला घड्याळ आणि सूचनापत्र दोन्हींची गरज उरत नाही. एकदा खारे पाणी शेतात बसले की मिठाचा अंश धुऊन निघण्यास दोन-तीन पावसाळे जातात, म्हणून एका रात्रीची हयगय गावाला पुढील काही वर्षांच्या भाताला मुकवते.

या कामाला स्वयंसेवा म्हणावे काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल, कारण स्वतःच्या शेताच्या रक्षणासाठी केलेले श्रम हे दान कसे? परंतु खांड ज्याच्या शेतासमोर पडते त्याचेच शेत बुडते असे नाही. पाणी उताराने जाते, आणि जोळीला आलेल्या अनेकांचे शेत त्या दिवशी सुरक्षित असते. स्वार्थ आणि परार्थ यांची इतकी एकजीव सांगड क्वचितच आढळते, आणि बहुधा म्हणूनच ती टिकली. मात्र या व्यवस्थेचे गुणगान करताना खोतीचा काळ विसरून चालणार नाही. खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा वतनदार, कुळांकडून वेठीने, विनामोबदला, कामे करून घेत असे; शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झालेला आणि सुमारे सहा वर्षे चाललेला शेतकऱ्यांचा संप हा त्याच पिळवणुकीला दिलेला जबाब होता. फुकटच्या श्रमाचे माहात्म्य वरून सांगितले जाऊ लागले की या भागातील जुन्या माणसाच्या कपाळाला आठी पडते, ती या इतिहासामुळे. आणि गुणांकनाच्या अभियानाने ती आठी गंभीरपणे घ्यावयास हवी.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास कायद्याने बांधांची व्यवस्था टप्प्याटप्प्याने शासनाकडे गेली. खर्चाचा बोजा पाहता ते अपरिहार्यही होते, कारण दगडी अस्तर आणि पक्क्या उघाड्या गावाच्या ऐपतीबाहेरच्या होत्या. पण बांध शासनाचा झाल्यावर बीळ बुजवणे हेही शासनाचेच काम ठरले, आणि घमेलेभर मातीने भागणारी दुरुस्ती अंदाजपत्रक, निविदा व निधी यांच्या प्रतीक्षेत पावसाळ्यापर्यंत लांबू लागली. जोळ विरत गेली. खाऱ्या पाण्याखाली पडीक राहिलेल्या शेतांत कांदळवन, म्हणजे खाडीकाठी वाढणारी खारफुटी, उगवली. त्यात भर म्हणून तरुण माणसे पनवेल, उरण, मुंबईकडे नोकरीला गेली, आणि हाकेला धावून यायला गावात मनुष्यबळच उरले नाही. या सर्व कारणांत शासनाच्या ताब्याचा वाटा सर्वाधिक मानावा, असे या लेखाचे मत आहे. इतरांना ते एकांगी वाटू शकेल.

ऐन वेळी हात कमी पडण्याची हीच गोष्ट पुराच्या बाबतीतही दिसते. रोहे तालुक्यातील नागोठणे हे अंबा नदीकाठचे गाव, आणि त्याच नदीवर वरच्या अंगाला असलेले सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा २४ जुलै १९८९ च्या महापुरात उद्ध्वस्त झाले. जुलै २०२१ मध्ये महाडची तीच गत झाली. अशा प्रत्येक वेळी मदतीचा ओघ येतो, पण त्यात जुन्या कपड्यांचे ढीग असतात आणि घराघरांतला गुडघाभर चिखल उपसणारे हात अपुरे पडतात. चिखल ओला असतो तोवर फावड्याने निघतो, वाळला की पहारीने फोडावा लागतो, एवढी साधी गोष्ट ध्यानात घेतली तरी पहिल्या तीन-चार दिवसांचे मोल कळते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आपदा मित्र योजनेत पूरप्रवण जिल्ह्यांतील स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. दोरीच्या गाठी, बुडणाऱ्याला किनाऱ्यावर आणण्याची रीत, प्रथमोपचार या गोष्टी ज्याला येतात तो निव्वळ गर्दीचा भाग होईल अशी भीती उरत नाही. पोहता येणाऱ्या आणि वर्षभर गावातच राहणाऱ्या तरुणांनी हा मार्ग आधी तपासावा.

राष्ट्रीय सेवा योजनेचे, म्हणजे २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या विद्यार्थी स्वयंसेवकांच्या उपक्रमाचे, गणित तासांचे आहे: दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर. हे तास कोणत्या महिन्यात खर्ची पडतात हा मात्र महाविद्यालयांच्या वेळापत्रकाचा प्रश्न असतो, गरजेचा नव्हे. रक्तदानाचे उदाहरण घ्यावे. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते, तरीही महाविद्यालये बंद असलेल्या मे महिन्यात रक्तपेढ्यांत टंचाई निर्माण होते, आणि नेत्यांच्या वाढदिवसांच्या शिबिरांत एकाच दिवशी गोळा झालेले रक्त पस्तीस-चाळीस दिवसांत मुदतबाह्य होण्याचा धोका असतो. मुंबई-गोवा महामार्गावरील सुट्टीची वाहतूक, आणि तिच्याबरोबर अपघातात रक्त लागण्याची शक्यता, त्याच मे महिन्यात वाढते, हे पेण-कोलाडच्या रहिवाशांना सांगण्याची गरज नाही. याउलट गणेशमूर्तींचे गाव म्हणून पेणची ख्याती असल्याने विसर्जनाच्या दिवशी निर्माल्य गोळा करणाऱ्या हातांची तेथे कधी वाण नसते. त्या सेवेचे मोल आहेच, पण ज्या कामाला गर्दी होते तेथे आणखी एकाने जाण्यात फारसे हशील नाही.

ज्या कामाला गर्दी होत नाही असे एक काम दोन्ही तालुक्यांच्या डोंगरउतारावरील कातकरी वाड्यांत आहे. विशेष असुरक्षित आदिम जमातींत गणना होणारा हा समाज सुगी संपल्यावर वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवर कामासाठी कुटुंबासह स्थलांतर करतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततो. जातीचा दाखला, शिधापत्रिका, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्याची पोच, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, हे कागद गळक्या छपराखाली भिजतात किंवा भट्टीवर हरवतात, आणि एक कागद नसला की पुढचा मिळत नाही. येथे लागणारा स्वयंसेवक म्हणजे अर्ज नीट भरणारा, प्रती काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देणारा आणि तहसील कार्यालयात चौथ्यांदा सोबत जाण्याचा कंटाळा न करणारा माणूस. निवृत्त तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक किंवा बँकेतील कर्मचारी याहून अधिक पात्र कोणी सापडणार नाही. वाडी भरलेली असते ती मात्र जून ते ऑक्टोबर याच महिन्यांत.

खारेपाटापुरता मुद्दा पुढे न्यायचा तर जोळ जशीच्या तशी परत आणता येणार नाही, हे मान्य करावे लागते. बांधाच्या दोन्ही बाजूंना आता कांदळवन आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने त्याच्या तोडीस बंदी असून त्याभोवती पन्नास मीटरच्या पट्ट्यातही बांधकाम व भराव करण्यास मनाई आहे. हा निकाल योग्यच आहे, कारण खारफुटीच लाटांचा जोर मोडते. पण त्यामुळे उत्साहाच्या भरात फावडी घेऊन बांधावर गेलेले पथक कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. माती कोठून घ्यायची, कोणत्या लांबीत काम करायचे आणि कोणाच्या देखरेखीखाली, याची खारभूमी व वन विभागांकडून परवानगी घ्यावी लागते, आणि ती मागण्याचा अधिकार असलेली सर्वांत जवळची संस्था ग्रामपंचायत आहे. उरते ते बांधाच्या पाहणीचे काम, ज्याला कोणाची परवानगी लागत नाही: दर अमावास्या-पौर्णिमेच्या आधी दोघांनी ओहोटीच्या वेळी बाह्यकाठा चालून जावा, बिळे व पाझर यांच्या जागा खुणेसह वहीत लिहाव्यात, उघाडीची झडप कचऱ्याने अडकलेली नाही ना ते पाहावे, आणि ती वही ग्रामसभेपुढे ठेवावी. समृद्ध पंचायतराज अभियानाच्या मूल्यमापनात अशा वहीला काय स्थान द्यायचे हे तपासणी समित्यांनी ठरवावे. वर्षाला चोवीस फेऱ्यांसाठी लागणाऱ्या जोड्या वाशी किंवा वढावसारख्या गावाला, बाहेर नोकरीला गेलेल्यांच्या सुट्ट्या धरून, आजही जमवता याव्यात.