औषध दिल्यानंतर काय झाले?

आमचे वीर हे गाव महाडच्या अलीकडे, मुंबई-गोवा महामार्गावर आहे. १९९३ साली कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला तेव्हा त्याचे नाव रेल्वेच्या वेळापत्रकात गेले. एरवी भातखाचरे, कौलारू घरे आणि दगडी बांध असलेले हे चारचौघांसारखे गाव आहे. पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात आणि बांधाच्या फटींत तांबडा विंचू राहतो. कापणी-झोडणीच्या दिवसांत पेंढ्यात हात घालताना मोठी माणसे अजून दचकतात, कारण त्यांच्या लहानपणी या विंचवाने माणसे मरत असत.

विंचवाने माणूस मरतो हे शहरातल्या वाचकाला खरे वाटणार नाही. तांबडा विंचू चावला की आधी जबर कळ येते. मग अंगाला दरदरून घाम सुटतो, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात, नाडी धावू लागते. पुढे काही तासांत धाप लागते, आणि फुप्फुसात पाणी भरून तोंडावाटे गुलाबी फेस येतो. लहान मुले या अवस्थेतून क्वचितच परत येत.

१९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी हे मृत्यू पाहिले. उपाय जवळ नव्हताच, पण त्यांनी एक केले. रुग्णाजवळ बसून त्याची नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची वेळ घालून टिपणे ठेवली. त्यातून चित्र स्पष्ट होत गेले. विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमची दारे उघडी ठेवते. मज्जातंतू थांबायचे विसरतात आणि ॲड्रेनॅलीनच्या जातीच्या द्रव्यांचा शरीरात पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, आणि या वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकून जाते. फुप्फुसात पाणी साठते ते त्यामुळे.

आता जरा थांबून एक अवघड प्रश्न पाहू. त्या काळी विंचूदंशावर निरनिराळी औषधे दिली जात. घाम आणि लाळ थांबावी म्हणून ॲट्रोपीन देत. रुग्ण शांत व्हावा म्हणून गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण देत. ॲट्रोपीनने घाम थांबतो खरा, पण आधीच धावणारी नाडी आणखी धावते. गुंगीच्या औषधांनी श्वास मंदावू शकतो. अशा रुग्णाची प्रकृती औषधानंतर बिघडली, तर दोष विषाचा की औषधाचा? भोवतालचे सगळे ‘विषाचा’ असेच म्हणणार. रोगाच्या सावलीत औषधाचा दोष फार सहज लपतो. तो पकडायचा तर औषध किती वाजता दिले आणि त्यानंतर किती वेळाने काय झाले, एवढे तरी लिहिलेले असले पाहिजे.

बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रसाइड वापरून पाहिले. ते रक्तवाहिन्या सैल करते, पण शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि उजेडात खराब होते. खेड्यातल्या दवाखान्याला ते परवडणारे नाही. मग त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, तोंडाने घ्यायची गोळी निवडली. ॲड्रेनॅलीनच्या जातीची द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या ज्या कळा दाबतात, नेमक्या त्याच ही गोळी अडवून धरते. १९८६ साली त्यांचे याविषयीचे टिपण ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात आले. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी सुमारे ३० टक्के दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले, असे त्यांच्या लेखांत नोंदलेले आहे.

ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि भौतिकशास्त्राच्या माणसाला तोच अधिक आवडण्यासारखा आहे.

प्राझोसिन १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये रक्तदाबावर वापरात आले. थोड्याच काळात तिथल्या काही डॉक्टरांच्या ध्यानात आले की, पहिली गोळी घेतल्यावर एखादा रुग्ण उभा राहतो आणि बेशुद्ध होऊन पडतो. त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांना तशी पत्रे लिहिली. परिणामी पहिली मात्रा कमी करण्यात आली आणि ती रात्री झोपताना घ्यावी असे सांगण्यात येऊ लागले.

उभे राहिल्यानेच का पडावे? साधा हिशेब आहे. उभ्या माणसाचा मेंदू हृदयापेक्षा सुमारे ४० सेंटिमीटर उंच असतो. पारा रक्ताच्या जवळजवळ १३ पट जड. म्हणून ४० सेंटिमीटर रक्ताचा स्तंभ म्हणजे सुमारे ३१ मिलिमीटर पाऱ्याचा दाब. हृदयापाशी सरासरी दाब ९३ असेल तर मेंदूला ६२ मिळतो, तेवढ्यावर काम भागते. औषधाने हृदयापाशी दाब ६० वर आला तर उभ्या माणसाच्या मेंदूला उरतात २९, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तोच माणूस आडवा असेल तर मेंदू आणि हृदय एका पातळीवर येतात आणि मेंदूला पुरते ६० मिळतात. (शिक्षकांनी हे गणित फळ्यावर करून घ्यावे. द्रवस्तंभाच्या दाबाचे याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.) निरोगी शरीर उभे राहताच पायांतल्या रक्तवाहिन्या आवळून ही तूट भरून काढते. प्राझोसिन नेमके ते आवळणेच अडवते.

म्हणूनच विंचू चावलेल्या मुलाला प्राझोसिन दिल्यावर आडवेच ठेवतात, आणि आईबापांना बजावतात की पोराला उचलून कडेवर घेऊ नका. रडणारे मूल समोर असताना आईला असे सांगणे सोपे नाही. पण ब्रिटनमधल्या रुग्णांच्या भोवळीची पत्रे कोणी लिहिली नसती, तर महाडातल्या मुलाला आडवे ठेवायचे कोणाला सुचले असते? दुष्परिणामाची नोंद म्हणजे औषधाची बदनामी नव्हे. औषध तेच राहिले, वापरायची रीत शहाणी झाली. रक्तवाहिनी सैल करण्याचा जो गुण रक्तदाबाच्या रुग्णाला भोवळ आणतो, तोच विंचवाच्या रुग्णाला वाचवतो, हेही ध्यानात घ्या. मात्र ही गोळी डॉक्टरच्या नजरेखाली द्यायची असते. घरातल्या कोणाच्या डबीतून काढून नव्हे.

पुढे विंचवाच्या विषावरचे प्रतिविषही मिळू लागले. अशी प्रतिविषे घोड्याच्या रक्तापासून करतात, त्यामुळे एखाद्याला त्यांची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. महाडलाच प्रत्येकी ३५ रुग्णांचे दोन गट करून केलेली चाचणी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. १० तासांत बरे झालेले रुग्ण प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेल्या गटात ३२, तर नुसते प्राझोसिन दिलेल्या गटात ८ होते. रक्तदाब उतरल्याचे रुग्णही मोजले होते: पहिल्या गटात १२, दुसऱ्यात १४.

आता कोणी विचारील, बाजारात येण्याआधी औषधांच्या चाचण्या होतातच, मग पुन्हा नोंदी कशाला? याचे उत्तर संभाव्यतेत आहे. समजा, एक औषध दर १०,००० माणसांत एकाला गंभीर इजा करते. चाचणीत ३,००० माणसे घेतली. एकालाही इजा न दिसण्याची संभाव्यता किती? ०.९९९९ चा ३,००० वा घात, म्हणजे सुमारे ०.७४. चारांतल्या जवळजवळ तीन वेळा चाचणी निर्धोक पार पडेल! निदान एक तरी रुग्ण दिसेल अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर सुमारे ३०,००० माणसे लागतील. एक सोपा नियम पाठ करून ठेवा: क्ष माणसांत एखादा परिणाम एकदाही दिसला नाही, तरी त्याचे खरे प्रमाण ३ भागिले क्ष इतके असू शकते. ३५ माणसांत काही दिसले नाही, म्हणून शंभरात आठ जणांना ते होणारच नाही असे छातीठोक म्हणता येत नाही.

आता तेच औषध दहा लाख लोकांनी घेतले. शंभर जणांना इजा होईल. पण ते शंभर जण शंभर गावांत, शंभर डॉक्टरांकडे जातील. प्रत्येक डॉक्टर एकच रुग्ण पाहील आणि योगायोग म्हणून सोडून देईल. शंभर चिठ्ठ्या एका टेबलावर आल्या, तरच आकृती दिसेल.

रुग्ण एकाच ठिकाणी असतील तर ती लवकर दिसते. बावस्करांचे टिपण छापून आले त्याच सुमारास, जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एक भीषण प्रकार घडला. कोणी मेंदूच्या विकारासाठी, कोणी डोळ्याच्या विकारासाठी आलेले. पण मूत्रपिंडे निकामी होऊन १४ जण गेले. आजार वेगळे आणि मृत्यूची तऱ्हा एक, म्हणजे समान धागा शोधायला हवा. तो धागा निघाला ग्लिसरीन. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी ते पाजले जाते. या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. येथे दोष औषधाच्या गुणधर्मात नव्हता, भेसळीत होता. पण संशय घेणाऱ्याला ते आधी कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही.

जगाने हा धडा फार महाग किंमत देऊन घेतला. थॅलिडोमाइड हे झोपेचे, ओकारी थांबवणारे औषध १९५७ पासून जर्मनीत खुशाल विकले जात होते. ते घेतलेल्या गर्भवतींची मुले हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. अशी हजारो मुले झाली. १९६१ च्या अखेरीस जर्मनीत लेन्झ यांनी आणि ऑस्ट्रेलियात मॅकब्राइड यांनी आपला संशय जाहीर केला. मॅकब्राइड यांचे ‘लॅन्सेट’मधील पत्र अवघ्या काही ओळींचे होते. त्यानंतर ब्रिटनने १९६४ मध्ये डॉक्टरांसाठी पिवळे कार्ड काढले, आणि १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशींच्या नोंदी एकत्र करायला आरंभ केला. ते काम १९७८ पासून स्वीडनमधील उप्साला येथे चालते. आपल्याकडे ‘फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया’ जुलै २०१० मध्ये सुरू झाला. २०११ पासून तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे.

डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते यांनी नोंद करावी अशी अपेक्षा आहे. रुग्णालाही ती करता येते. पण नोंदी कमी होतात. का, ते माझ्या घरीच कळले. आईला रक्तदाबासाठी एनालाप्रिल सुरू केले आणि महिन्याभरात कोरडा खोकला जडला. तीन महिने आम्ही खोकल्याची औषधे आणत होतो. आडुळसा झाला, ज्येष्ठमध झाले, छातीचा फोटोही झाला. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, “आजी, खोकला आधी की गोळी आधी?” गोळी बदलली आणि दोन आठवड्यांत खोकला गेला. या जातीच्या गोळ्यांनी काहींना असा खोकला होतो हे पुस्तकांत आहेच.

औषध बंद केल्यावर त्रास थांबणे हा संशय बळकट करणारा पुरावा आहे, सिद्धता नव्हे. सिद्धतेसाठी तीच गोळी पुन्हा देऊन पाहावे लागेल, आणि त्रास गंभीर असेल तर तसे करणे हा शुद्ध गुन्हा होईल. नोंद करणाऱ्याकडून सिद्धता मागितलेलीच नाही. तो अर्ज ‘संशयित’ परिणामाचा असतो, आणि तो भरल्याने डॉक्टर आपली चूक कबूल करतो असाही अर्थ होत नाही. बाईंनी तो भरायला घेतला तेव्हा मी म्हणालो, “माहीत असलेलीच गोष्ट पुन्हा कशाला?” त्या म्हणाल्या, “किती जणांना होते ते कसे कळणार, सर? तुम्हीच वर्गात मोजायला शिकवता ना?”

अर्जात चार गोष्टी असल्याच पाहिजेत: रुग्ण कोण, काय त्रास झाला आणि केव्हा, संशय कोणत्या औषधावर, आणि नोंद करणारा कोण. रुग्णांसाठी वेगळा अर्ज आहे, तो मराठीतही मिळतो. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फुकट फोनही करता येतो. आईला एकच काळजी होती, आपले नाव दिल्लीपर्यंत जाणार की काय. बाईंनी तिला कागद दाखवला. नावाच्या जागी फक्त आद्याक्षरे होती, आणि त्यापुढे वय लिहिले होते, ७१.