‘डिझास्टर’ : ताऱ्यांना दिलेला दोष

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ‘डिझास्टर’ या शब्दाचा अर्थ विचारला, तर ‘आपत्ती’ किंवा ‘संकट’ असे उत्तर येते. उत्तर चुकीचे नाही. परंतु तेवढ्याने शब्दाची खरी ओळख पटत नाही. इंग्रज माणूस भूकंपालाही डिझास्टर म्हणतो आणि भट्टीत करपलेल्या केकलाही. एकाच शब्दाचा संसार एवढा विस्तारला कसा, हे पाहावयाचे तर त्याच्या कुळाकडे वळले पाहिजे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि फ्रेंचांनी तो इटालियन ‘दिझास्त्रो’वरून घेतला. ‘आस्त्रो’ म्हणजे तारा. मागे गेल्यास लॅटिनमध्ये ‘आस्त्रुम्’ आणि ग्रीकमध्ये ‘आस्त्रोन्’ सापडतो. वेदांतील ‘स्तृ’, म्हणजे तारा, हा शब्दही याच गोत्रातला. आरंभीचा ‘दिस्’ येथे आपल्या ‘दुर्’चे काम करतो. तेव्हा डिझास्टर म्हणजे मुळात वाईट तारा, कुग्रहाचा फेरा. आपल्याकडे ‘ग्रह फिरले’ किंवा ‘साडेसाती लागली’ असे म्हणतात, त्याचाच हा युरोपीय भाऊ. तापाच्या साथीचे ‘इन्फ्लुएंझा’ हे नावही इटालियनच, आणि त्याचा मूळ अर्थ ताऱ्यांचा प्रभाव असाच आहे.

शब्द इंग्रजीत रुळतो न रुळतो तोच शेक्सपियरने त्याची थट्टा आरंभिली. ‘किंग लिअर’ नाटकात एडमंड नावाचे पात्र अशा लोकांना हसते, जे स्वतःच्या वर्तनाची फळे भोगताना सूर्य, चंद्र व तारे यांना दोषी ठरवितात. आणि नेमका हाच शब्द तो तेथे योजतो. हे शहाणपण कवीने खलपुरुषाच्या तोंडी घातले आहे, ही गोष्ट मात्र वेगळी.

आजच्या वापरात तारा कोणाच्या ध्यानीही नसतो. उरले आहे ते आकस्मिकता आणि मोठेपणा. सायकलवरून पडणे हा ‘अॅक्सिडेंट’, पाहुण्यांच्या अंगावर चहा सांडणे हा ‘मिसहॅप’, कर्त्या पुरुषाची नोकरी जाणे हे त्या घराचे ‘मिसफॉर्च्यून’. परंतु पूल कोसळून गाडी नदीत गेली, तर ते ‘डिझास्टर’. नाटक पडले, सहल फसली, की तेथेही हाच शब्द येतो. पण ती घरगुती अतिशयोक्ती होय. सरकारी अर्जात किंवा सांत्वनाच्या पत्रात तिला थारा नाही. विशेषण करताना ‘टर’मधील ‘ई’ हे अक्षर गळते, हे परीक्षार्थींनी ध्यानी ठेवावे. गुण तेथेच जातात.

खरी अडचण भाषांतरात येते. इंग्रजीने एका शब्दात जे कोंबले, ते मराठीने फार पूर्वी दोन कप्प्यांत ठेवले होते : अस्मानी आणि सुलतानी. अवर्षण, पूर, टोळधाड ही अस्मानी. सैन्याची लूट, अधिकाऱ्यांचा जुलूम ही सुलतानी. शेतसाऱ्यात सूट मागताना पीक कशाने बुडाले हे सांगणे भाग पडे, म्हणून ही जोडी कागदोपत्रीही रुळली. ‘अस्मान’ म्हणजे आकाश. म्हणजे इटालियनांचा तारा आपल्याकडे अर्ध्याच घराचा मालक होता. भारताच्या 2005 सालच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने नैसर्गिक आणि मनुष्यकृत, इतकेच नव्हे तर हलगर्जीपणातून उद्भवणारी हानीसुद्धा ‘आपत्ती’च्या व्याख्येत घेतली. मदतकार्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. बुडणाऱ्याला पाणी कोणी सोडले हे आधी विचारावयाचे नसते. परंतु नंतर विचारावे लागते.

हैदराबादेत 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला. पाऊस अस्मानी होता, यात शंका नाही. तरी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले, आणि त्यांच्या सल्ल्यानुसार शहराच्या वरच्या बाजूस धरणे बांधण्याचे ठरले. 1920 मध्ये उस्मानसागर व 1927 मध्ये हिमायतसागर पुरा झाला. पुण्यात 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तेव्हाही पाऊस होताच. पण पानशेतचे काम पुरे झालेले नव्हते आणि तलावात पाणी चढत होते. येथे अस्मानी कोठे संपते आणि सुलतानी कोठे सुरू होते, याचा वाद पुण्यात दीर्घकाळ चालला.

भोपाळला मात्र आकाश निरभ्र असते तरी काही बिघडले नसते. 1984 च्या डिसेंबरातील 2 व 3 तारखांमधील रात्री कीटकनाशकाच्या कारखान्यातील टाकीत पाणी शिरले, मेथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला, आणि तो अडविण्यासाठी असलेल्या योजना बंद अथवा अपुऱ्या होत्या. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘डिझास्टर’ लिहिले, कोणी ‘ट्रॅजेडी’ लिहिले. मराठी पत्रांनी ‘दुर्घटना’ म्हटले, म्हणजे वाईट रीतीने घडलेली गोष्ट, जणू ती आपोआप घडली. त्या शहरातील लोक मात्र, आणि इंदूर-ग्वाल्हेरकडची मराठी घरेही, तिला ‘गॅसकांड’ म्हणतात.