खटका का पडतो?

गौताळ्याच्या डोंगराकडून गार वारे सुटले, की कन्नडच्या खेड्यापाड्यांत घरोघर माळ्यावरची रॉड खाली येते. बादलीत सोडावी, बटण दाबावे, तर खट्! घरात अंधार. खटका पुन्हा वर करावा, तर पुन्हा पडतो. मग म्हणतात, "हा खटकाच बिघडला. मोठा बसवा."

जरा थांबा, मंडळी. खटका हा घराचा राखणदार आहे. कुत्रे भुंकले म्हणून आपण कुत्रे हाकलत नाही. दारात कोण आले ते आधी पाहतो.

खटका थोड्या वेळाने पडत असेल, तर बहुधा भार जास्त झाला आहे. १५०० वॅटची रॉड साडेसहा अँपिअर वीज ओढते. २००० वॅटची शेगडी पावणेनऊ ओढते. दोन्ही मिळून पंधराच्या वर गेले, आणि खटका १० चा. तो पडणारच. एका वेळी एकच चालवावी. खटका मोठा केला तरी भिंतीतली बारीक तार तीच राहते. ती तापून आग लागते.

बटण दाबताच पडत असेल तर गोष्ट वेगळी. सगळे प्लग काढा. कोरड्या हाताने खटका वर करा. मग एकेक वस्तू लावून पाहा. रॉड लावल्यावरच पडला, तर दोष रॉडमध्ये आहे. रॉडच्या नळीत तापणारी तार असते. तिच्याभोवती पांढरी भुकटी गच्च भरलेली असते, म्हणून वीज नळीत उतरत नाही. पावसाळाभर पडून राहिली की ही भुकटी ओल धरते. बोअरच्या जड पाण्याचा थर चढला, तर कधी नळीला चीरही जाते. मग वीज पाण्यात झिरपते.

ज्या खटक्यावर ‘टी’ अक्षराचे बटण असते, तो ही गळती ओळखतो. एका अँपिअरचे हजार भाग केले, तर त्यांतले ३० बाहेर गेले तरी तो पडतो.

काहीजण तीच रॉड शेजारी लावून पाहतात. तिथे पाणी तापते. मग म्हणतात, रॉड चांगलीच आहे! अहो, शेजाऱ्याकडे गळती ओळखणारा खटकाच नसेल. तिथे पाणी पाहायला कुणी बाई हात घालील, आणि वीज तिच्या अंगातून जमिनीत जाईल.

अशी रॉड वायरमनकडून मेगरने तपासून घ्यावी. चीर गेलेली फेकून द्यावी. नवी घेताना आयएसआयची खूण पाहावी. प्लगची तिसरी, जाड पिन अर्थिंगची असते, ती तोडू नये. रॉड आधी पाण्यात सोडावी, मग बटण दाबावे. पाणी तापले का ते पाहायचे असेल, तर आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, आणि मगच बोट पाण्यात.