घर भाड्याने देताय? कागद पक्का करा, जात विचारू नका

आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या भाडेकरूच होती. गाव सोडून गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि महापालिकेत कामाला आलेल्या आपल्या वाडवडिलांनी बी.डी.डी. चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत नाहीतर कुणाचे तरी पोटभाडेकरू म्हणून दिवस काढले. आता चित्र थोडे पालटू लागले आहे. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. कुणाला म्हाडाच्या सोडतीत घर लागले आहे, तर कुणी निवृत्तीच्या पैशांतून बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा या बाजूला वन रूम किचन घेऊन ठेवले आहे. मुलाने नवे घर घेतल्यामुळे आईवडिलांची जुनी खोली मोकळी झाली, अशीही उदाहरणे आहेत. काल भाडे भरणारा माणूस आज भाडे घेणारा झाला आहे.

ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु घरमालक होणे हेही एक काम आहे आणि ते आपल्याला कुणी शिकवलेले नाही. तंट्याचे कागद घेऊन आमच्याकडे येणाऱ्या बंधू-भगिनींच्या हातात पुष्कळदा कागदच नसतो. "आपलाच माणूस आहे, काय लिहून घ्यायचे?" असे म्हणून खोली दिलेली असते. दुसरीकडे काही घरे भीतीपोटी वर्षानुवर्षे कुलूपबंद पडून आहेत. त्यांची देखभाल आणि कर मात्र चुकत नाहीत. या दोन्ही प्रकारांत नुकसान आपलेच आहे.

भीती आली कोठून?

"भाडेकरू घर बळकावील" ही भीती उगाच निर्माण झालेली नाही. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला मोठे संरक्षण दिले. ते गरजेचेही होते, कारण त्या संरक्षणामुळेच आपले वाडवडील शहरात टिकले. पुढे मालक मंडळी घर भाड्याने न देता 'लिव्ह अँड लायसन्स'वर देऊ लागली. तेव्हा १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर ताब्यात असलेले लायसन्सधारक भाडेकरू ठरले. त्या वेळची धास्ती घरमालकांच्या मनात आजही बसलेली आहे.

परंतु आजचा कायदा वेगळा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेले घर मुदत संपताच परत करणे बंधनकारक आहे. न केल्यास मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते. "बारा वर्षे राहिला की घर त्याचे" ही समजूतही चुकीची आहे. मालकाच्या परवानगीने आणि करारावर राहणारा माणूस केवळ वर्षे मोजून मालक होत नाही. मात्र हे सगळे सिद्ध करायला कागद लागतो.

आधी आपले घर तपासा

भाडेकरू शोधण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे ते घर भाड्याने देण्याची मुभा आहे का. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घर ठरावीक वर्षे विकता येत नाही आणि भाड्यानेही देता येत नाही. सरकारी योजनेतून मिळालेल्या कोणत्याही घराचे वाटपपत्र काढून त्यावरील अटी शब्द न् शब्द वाचाव्यात. चार पैशांच्या भाड्यासाठी हक्काचे घर धोक्यात घालू नये.

दुसरी गोष्ट, घर कुणाच्या नावावर आहे? आईच्या नावावर असेल तर करारावर आईचीच सही किंवा अंगठा हवा. दोघा भावांची नावे असतील तर दोघांनीही सही करावी आणि भाड्याची वाटणी आधीच लिहून ठेवावी. घर विधवा आईचे आणि भाडे परस्पर मुलाच्या खात्यात, असे आम्ही काही घरांत पाहिले आहे. ते योग्य नाही. भाडे आईच्याच खात्यात जमा व्हावे. म्हातारपणी औषधासाठी तिला कुणापुढे हात पसरावा लागू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे बँक आणि सोसायटी. घरावर कर्ज असेल तर कर्जाच्या करारात भाड्याने देण्याविषयी काय म्हटले आहे ते पाहावे. सोसायटीला नोंदणी केलेल्या कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते, परंतु १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नसतात. सेवा शुल्क महिना १,००० रुपये असेल तर हे शुल्क जास्तीत जास्त १०० रुपये होईल. जादा मागणी झाल्यास लेखी विचारणा करावी.

करार कसा करावा?

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" असे अजूनही काही एजंट सांगतात. नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरले जाऊ शकते आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली असे नव्हे.

खर्चाची भीती बाळगू नये. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का असते. ही रकम काढताना मुदतीतील सगळे भाडे धरायचे आणि परत करावयाच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरायचे. समजा भाडे १०,००० रुपये, डिपॉझिट ५०,००० रुपये आणि मुदत दोन वर्षे आहे. दोन वर्षांचे भाडे २,४०,००० रुपये, डिपॉझिटवरील व्याज १०,००० रुपये, म्हणजे एकूण २,५०,००० रुपये. त्याचा पाव टक्का ६२५ रुपये. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. नोंदणी आता ऑनलाइन होते. दोन्ही पक्षांचे आणि साक्षीदारांचे आधार आणि बोटांचे ठसे लागतात. काम करून देणाऱ्याचे शुल्क वेगळे, ते आधीच विचारून घ्यावे. हा खर्च कोण करणार तेही बोलून ठेवावे.

करारात पुढील गोष्टी स्पष्ट हव्यात : मुदत कधी सुरू होते आणि कधी संपते; भाडे कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे; डिपॉझिट किती आणि ते केव्हा परत करायचे; मुदतीआधी घर सोडायचे झाल्यास किती दिवस अगोदर कळवायचे; वीजबिल आणि सोसायटीचे बिल कुणी भरायचे; लहानसहान दुरुस्ती कुणाची आणि गळतीसारखी मोठी दुरुस्ती कुणाची. चावी देताना पंखे, दिवे, नळ, गॅसची शेगडी, कपाट यांची यादी करून तिच्यावर दोघांनी सही करावी. मीटरचे रीडिंग तारखेसह लिहावे. भाडे शक्यतो बँकेतूनच घ्यावे. रोख घेतल्यास पावती द्यावी. पावती हा भाडेकरूचा हक्क आहे हे आपल्याला वेगळे सांगायला नको. चाळीच्या भाडेपावत्या आपल्याच आयांनी पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे जपून ठेवल्या होत्या.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे हे काम भाडेकरूवर किंवा एजंटवर सोपवून मोकळे होऊ नये. मुंबईत पोलीस आयुक्त याबाबत वेळोवेळी आदेश काढतात आणि न कळवणाऱ्या मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. माहिती ऑनलाइन भरता येते. तिची पोच जपून ठेवावी.

भाड्याचा खरा हिशेब

"कर्ज काढून दुसरी खोली घ्या, हप्ता भाड्यातून सुटेल," असे बिल्डरांचे दलाल सांगत फिरतात. वहीपेन्सिल घेऊन हिशेब करू. ३० लाखांचे घर आणि १०,००० रुपये भाडे धरले, तर वर्षाचे १,२०,००० रुपये होतात. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिना मोकळा गेला, १०,००० गेले. सोसायटीची देखभाल महिना २,००० प्रमाणे २४,००० रुपये. मालमत्ता कर ४,००० रुपये. रंग, नळ, वायरिंग, दलाली मिळून १०,००० रुपये. हातात राहिले ७२,००० रुपये, म्हणजे महिना ६,००० रुपये. ३० लाखांवर हे वर्षाला अडीच टक्केसुद्धा पडत नाही.

आता याच घरासाठी १५ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे १३,५०० रुपये येतो. म्हणजे दर महिन्याला साडेसात हजार रुपये पगारातून घालावे लागतील. ज्याच्या घरी एकच पगार आहे आणि मुले शिकत आहेत, त्याने मुलांच्या फीचे पैसे या भरीला घालू नयेत. घराची किंमत पुढे वाढेलही, पण हप्ता दर महिन्याला द्यावा लागतो. असलेले घर भाड्याने देणे हा शहाणपणा आहे. भाड्याच्या भरवशावर कर्ज काढणे हा धोका आहे.

भाडे हे उत्पन्न आहे, ते विवरणपत्रात दाखवावे. मिळालेल्या भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट सूट मिळते. वरच्या उदाहरणात मिळालेले भाडे १,१०,००० रुपये. त्यातून ४,००० गेले, राहिले १,०६,०००. त्यावरील ३० टक्के सूट ३१,८०० रुपये. उत्पन्नात धरायचे फक्त ७४,२०० रुपये. देखभाल आणि रंगकाम यांची वेगळी वजावट मिळत नाही, ती या ३० टक्क्यांतच आली.

भाडेकरू कसा निवडावा?

निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. ओळखपत्र खरे आहे का, काम कोठे करतो, आधी जेथे राहत होता तो मालक काय सांगतो आणि मिळकतीच्या मानाने भाडे झेपेल का. एवढे पुरेसे आहे. आडनाव, धर्म, गाव आणि ताटातले जेवण यांचा भाडे वेळेवर येण्याशी काही संबंध नाही.

हे लिहिण्याचे कारण आहे. आपल्यातीलच काही नवे घरमालक एजंटला सांगतात, "अमक्या समाजाचे नकोत, मुसलमान नको, एकटी बाई नको." हे ऐकून आम्हाला वाईट वाटते. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. पैसे देत होते, कुणाला त्रास नव्हता. तरी अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसे दाराशी आली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. पुढे शंभर वर्षे होत आली तरी ही रीत संपलेली नव्हती. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला अभ्यास २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. दलित आणि मुसलमान घर शोधणाऱ्यांना नकार जास्त मिळतो आणि होकार मिळाला तरी जादा भाडे किंवा अटी लावल्या जातात, असे त्यात दिसून आले.

आपली मुलेमुली आज पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात नोकरीसाठी जातात आणि तेथे फोनवर आडनाव सांगताच "खोली गेली" असे ऐकतात. तेव्हा आपल्या दारात उभ्या असलेल्या माणसाला आपण तोच प्रश्न कोणत्या तोंडाने विचारणार?

उलट नातेवाइकाला घर देतानाही करार टाळू नये. मेहुण्याला, पुतण्याला तोंडी दिलेल्या खोलीवरून जी भांडणे होतात त्यांत घर तर अडकतेच, शिवाय लग्नकार्यातले येणेजाणेही तुटते. कागद केला म्हणजे अविश्वास दाखवला असे नाही. कागद असला की दोघेही निर्धास्त राहतात.

मुदत संपल्यावर

मुदत संपण्याच्या दोन महिने आधी लेखी कळवावे. करार पुढे चालू ठेवायचा असेल तर नवा करार करून नोंदवावा, जुन्यावर तारीख वाढवून चालत नाही. भाडेकरू निघाला नाही तर वीज-पाणी तोडणे, कुलूप लावणे, सामान बाहेर काढणे असले प्रकार करू नयेत. खरी बाजू आपली असूनही गुन्हा आपल्या अंगावर येऊ शकतो. रीतसर अर्ज करावा. आणि भाडेकरू वेळेवर, घर नीट ठेवून गेला, तर यादी पडताळून त्याचे डिपॉझिट चावी घेताना त्याच दिवशी परत करावे. ते पैसे दुसऱ्या घराच्या डिपॉझिटसाठी त्याला लगेच लागतात. म्हणूनच डिपॉझिट बँकेत बाजूला ठेवावे, लग्नात किंवा गावच्या घरात खर्च करू नये.

ज्यांच्याकडे देण्याजोगी खोली आहे त्यांनी या आठवड्यात एवढेच करावे : घराची फाईल काढून वाटपपत्र, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि कराच्या पावत्या एकत्र लावाव्यात. खोली आधीच कुणाला तोंडी दिलेली असेल तर त्या माणसाशी बसून बोलावे आणि कराराची तारीख ठरवावी.

जयभीम!