बांबूची निवड जमिनीखालून

बांबू हे झाड नसून गवताच्या कुळातील वनस्पती आहे, आणि बागेसाठी त्याची जात ठरवताना काठीचा रंग पाहण्याआधी तिचा कंद, म्हणजे जमिनीखाली आडवे वाढणारे खोड, कोणत्या प्रकारचे आहे हे पाहणे शहाणपणाचे ठरते. काही जातींचा कंद आखूड व जाड असल्याने नवे कोंब जुन्या काठ्यांना लगटून येतात आणि बेट तयार होते. उलट ज्यांचा कंद बारीक व लांब असतो, त्या जाती मातीतून दूरवर सरकत जाऊन कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या अंगणातही कोंब काढतात. काळ्या काठीचा देखणा चिनी बांबू, फायलोस्टॅकिस नायग्रा, याच दुसऱ्या गटातला असल्याने तो मोठ्या कुंडीत ठेवणेच बरे.

अर्थात बेट करणारा प्रत्येक बांबू अंगणात शोभतोच असे नाही. काटस हा महाराष्ट्रातलाच, पण त्याच्या बुडाकडील काटेरी फांद्यांची जाळी शेताच्या कडेलाच ठीक. पिवळ्या पेरांवर हिरव्या रेघा असलेला शोभेचा बांबू बंगल्यांच्या फाटकाशी हमखास दिसतो; परंतु तो सहज 10 मीटरांवर जातो, हे रोप घेताना क्वचितच लक्षात येते. आडोशासाठी बारीक काठीचा, पानांनी गच्च भरणारा आणि छाटणी सोसणारा बांबूसा मल्टिप्लेक्स अधिक सोयीचा.

या सर्वांत कोकण-गोव्यातल्या माणग्याकडे शहरी बागांचे झालेले दुर्लक्ष अनाकलनीय आहे. बिनकाट्याचा, सरळ आणि बुडाशी जवळजवळ भरीव असा हा बांबू सिंधुदुर्गातील शेतकरी बांधावर लावतात. त्याला बी धरत नसल्याने रोपे कंदापासून किंवा काठीच्या तुकड्यांपासून करतात. विदर्भातील मानवेलाचे बेट मात्र सार्वत्रिक फुलोऱ्यानंतर वाळून जाते, त्यामुळे त्याचे रोप कोणत्या साली फुललेल्या बेटाच्या बियांचे आहे, हे विचारणे योग्य.

पावसाळ्यात कोंब वर येतो तो आपल्या पूर्ण जाडीनिशीच. पुढे काही महिन्यांत उंची वाढते, घेर वाढत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या किरकोळ काठ्या पाहून जात हलकी ठरवू नये, कारण बेट जुने होत जाते तसे नवे कोंब अधिक जाड येतात. रोपवाटिकेत ‘पिवळा’ वा ‘काळा’ एवढ्या नावावर समाधान न मानता शास्त्रीय नाव विचारावे, आणि शक्य असल्यास मूळ बेट पाहूनच रोप घ्यावे.