प्रोजेक्ट नेमका कुठपर्यंत आलाय? वडवणीच्या रेल्वेवरून समजून घ्या मॉनिटरिंग आणि चेंज कंट्रोल

बीड जिल्ह्यात कुठल्याही पारावर बसा, एक प्रश्न हमखास निघतो: रेल्वे कधी येणार? वडवणीत तर हा प्रश्न दोन पिढ्यांनी विचारलाय. अहमदनगर-बीड-परळी वैजनाथ हा सुमारे २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. बीड सोडलं की परळीकडे जाताना तो वडवणीवरून जातो. ज्याचा जन्म मंजुरीच्या वर्षी झाला, त्याची मुलं आज शाळेत जात असतील.

आता तुम्ही म्हणाल, टेक्नॉलॉजीच्या साइटवर रेल्वेचं काय काम? काम आहे. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये 'मॉनिटरिंग अँड कंट्रोल' नावाचा एक मोठा भाग असतो. तो बहुतेक जण सूत्रं पाठ करून परीक्षेपुरता उरकतात आणि नोकरीला लागल्यावर पहिल्याच प्रोजेक्टमध्ये तिथेच ठेचकाळतात. सॉफ्टवेअर असो, घर असो की लोहमार्ग, चूक एकाच जागी होते. ती जागा या रेल्वेच्या आकड्यांत जितकी स्वच्छ दिसते, तितकी पुस्तकातल्या उदाहरणात दिसत नाही.

आधी बेसलाइन, मग प्रगती

मॉनिटरिंग म्हणजे काम कुठपर्यंत आलंय ते मोजणं. कंट्रोल म्हणजे मोजल्यावर काहीतरी करणं: माणसं वाढवणं, क्रम बदलणं, किंवा सरळ मान्य करणं की तारीख हुकली. पण मोजायचं कशाच्या तुलनेत? त्याला बेसलाइन म्हणतात. सुरुवातीला सगळ्यांनी मान्य केलेले तीन आकडे म्हणजे बेसलाइन: काय करायचं, किती दिवसांत, किती पैशांत.

या रेल्वेची मूळ बेसलाइन खर्चाच्या बाजूने होती सुमारे ३५३ कोटी रुपये. पुढे अंदाज सुधारत गेले. मध्ये तो २,८२६ कोटी झाला, नंतर ४,८०५ कोटी. निम्मा वाटा राज्य सरकारने उचलायचा असं ठरलं. किलोमीटरमागे हिशोब केला तर आधी साधारण १ कोटी ३५ लाख, आणि आता १८ कोटी ४० लाखांच्या आसपास.

समजा तुम्ही या प्रोजेक्टचे मॅनेजर आहात आणि वरून विचारणा झाली, 'खर्च बजेटमध्ये आहे का?' तुम्ही ४,८०५ कोटींशी तुलना केली तर उत्तर 'हो' येऊ शकतं. ३५३ कोटींशी केली तर तोच खर्च साडेतेरा पट दिसतो. दोन्ही उत्तरं खरी आहेत, आणि सगळी गोम इथेच आहे. बेसलाइन बदलायला हरकत नाही, कधीकधी ती बदलावीच लागते. पण जुनी पुसून नवी लिहिली की प्रोजेक्ट कायम वेळेवर आणि कायम बजेटमध्ये दिसतो. शाळेत उशिरा येणाऱ्या पोराने घंटेचीच वेळ पुढे ढकलावी, तसा प्रकार.

केंद्र सरकारचं सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय दीडशे कोटींवरच्या केंद्रीय प्रकल्पांवर लक्ष ठेवतं. त्यांच्या अहवालांत मूळ खर्च आणि अपेक्षित खर्च, मूळ तारीख आणि अपेक्षित तारीख अशा जोड्या असतात. कोष्टक रुक्ष आहे, पण अक्कल त्यात आहे, कारण जुना आकडा नव्याच्या शेजारी उभा राहतो. गंमत म्हणजे याच अहवालांत अशीही प्रकल्पांची संख्या येते ज्यांची पूर्णत्वाची तारीखच कळवलेली नसते. ज्याला तारीखच नाही त्याला उशीर कसा होणार!

'काम ६० टक्के झालंय' म्हणजे काय?

हा प्रश्न कुठल्याही मीटिंगमध्ये विचारून बघा. सहसा तीनपैकी एक उत्तर मिळतं: पैसे ६० टक्के खर्च झाले, वेळ ६० टक्के गेला, किंवा 'मला वाटतं एवढं झालं असेल'. तिन्ही चुकीची आहेत. खर्च म्हणजे प्रगती नव्हे. पैसे संपून काम अर्धं राहिलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिलीत.

यावर 'अर्न्ड व्हॅल्यू' नावाची पद्धत आहे. नाव भारी आहे, हिशोब पाचवीतला. समजा एका ठेकेदाराला १० किलोमीटरचा मातीचा भराव टाकायचाय. किलोमीटरला १ कोटी आणि १ महिना, म्हणजे एकूण १० कोटी आणि १० महिने. सहा महिन्यांनी आपण जाऊन बघतो, तर ४ किलोमीटर भराव झालाय आणि ५ कोटी खर्च झालेत.

ठरल्याप्रमाणे आज ६ कोटींचं काम व्हायला हवं होतं. ही झाली प्लॅन्ड व्हॅल्यू. प्रत्यक्षात ४ कोटींच्या किमतीचं काम झालं, ही अर्न्ड व्हॅल्यू. खिशातून गेले ५ कोटी, हा प्रत्यक्ष खर्च. आता ४ ला ६ ने भागा, ०.६७ आलं. याला एसपीआय म्हणतात, म्हणजे वेळापत्रकाचा वेग. ४ ला ५ ने भागा, ०.८ आलं. हा सीपीआय, म्हणजे एका रुपयात ८० पैशांचंच काम निघतंय. हाच वेग राहिला तर १० कोटींचं काम १० भागिले ०.८, म्हणजे साडेबारा कोटींत जाईल आणि १० महिन्यांऐवजी साधारण १५ महिने लागतील.

आणि 'निधी ५० टक्के खर्च' ही बातमी? काम तर ४० टक्केच झालंय. फरक कुठे गेला ते विचारणं हेच कंट्रोल. अडीच कोटी जास्त लागणार हे सहाव्या महिन्यात कळलं तर काहीतरी करता येतं. दहाव्या महिन्यात कळलं तर फक्त भांडता येतं.

एक्सेलमध्ये हे चार कॉलममध्ये बसतं. त्यासाठी प्रायमाव्हेरा किंवा एमएस प्रोजेक्टचं लायसन्स घ्यायची गरज नाही. ती मोठी साधनं लागतात शेकडो कामं एकमेकांवर अवलंबून असतात तेव्हा.

पण सूत्रावर आंधळा विश्वास नको

आता हेच गणित रेल्वेला लावू. नगर ते आष्टी हा सुमारे ६६ किलोमीटरचा टप्पा २३ सप्टेंबर २०२२ ला प्रवाशांसाठी सुरू झाला. मंजुरीपासून २७ वर्षांत ६६ किलोमीटर, म्हणजे वर्षाला अडीच किलोमीटरसुद्धा नाही. त्या दिवशी कुणी कॅल्क्युलेटर घेऊन बसला असता तर उरलेल्या १९५ किलोमीटरला ८० वर्षं लागतील असं उत्तर निघालं असतं.

झालं काय? १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत गाडी आली. नगरपासून बीड साधारण १६७ किलोमीटर. तीन वर्षांत शंभरेक किलोमीटरची भर पडली. या वेगाने बीड-वडवणी-परळीचे उरलेले ९४ किलोमीटर तीन वर्षांच्या आतच व्हायला पाहिजेत.

एकच सूत्र, एकदा ८० वर्षं सांगतं आणि एकदा तीनपेक्षा कमी. मग चुकलं कुठे? आपण मोजत होतो 'सुरू झालेले किलोमीटर'. गाडी धावते सगळ्यात शेवटी. त्याआधी जमीन ताब्यात येते, भराव होतो, पूल उभे राहतात, मग रूळ, मग सिग्नल. आष्टीला गाडी धावली तेव्हा पुढच्या टप्प्यातली ही अलीकडची कामं आकड्यात कुठेच नव्हती. उलटही होतं. ९५ टक्के भराव झालाय, पण मध्ये एक पूल किंवा दोन एकर जमीन अडकली, तर कागदावर प्रगती झकास आणि गाडी शून्य. जे काम अडलं की सगळंच अडतं, अशा कामांच्या साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. सरासरी टक्केवारीत ती साखळी दिसत नाही, म्हणून ती वेगळी पाहावी लागते.

म्हणूनच 'झालं' या शब्दाची व्याख्या आधी ठरवायला हवी. रेल्वेत ती कडक आहे. रूळ टाकले, इंजिन पळवून पाहिलं, फोटो व्हायरल झाले, तरी प्रवासी गाडी लगेच सोडता येत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी आणि मंजुरी लागते. आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे येतात. पेपर लिहिणाऱ्याने स्वतःच तपासू नये म्हणून. तुमच्या टीममध्ये डेव्हलपर स्वतःच 'टास्क डन' करतो का, एकदा बघा.

गावपातळीवर याचं अगदी घरगुती उदाहरण म्हणजे घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजारांचं अनुदान मिळतं, पण एकदम नाही, हप्त्यांनी. बांधकाम ठरलेल्या टप्प्यापर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत किंवा छतापर्यंत आलं की त्याच जागेवरून जिओ-टॅग केलेला फोटो ॲपवर चढतो आणि मग पुढचा हप्ता. 'किती टक्के झालं?' असं कुणी विचारतच नाही. जोतं आहे की नाही, एवढाच प्रश्न. प्रगती मोजायची याहून साधी पद्धत मला तरी माहीत नाही.

बदल येणारच, त्याची नोंद ठेवा

घर बांधायला काढलं की गवंडी एखाद्या दिवशी म्हणतो, 'आता करतोयच तर हातासरशी वर एक खोली काढून घ्या.' आपण मान डोलावतो. मग जिना आला, जिन्याला कठडा आला, पायाला जास्त लोखंड आलं. वर्षाअखेरीस खर्च दीडपट आणि कुणालाच आठवत नाही की तो कधी वाढला. याला स्कोप क्रीप म्हणतात. क्लायंटने व्हॉट्सॲपवर 'जरा एक छोटं बटण टाकाल का' म्हटलं की सॉफ्टवेअरमध्येही हेच सुरू होतं.

चेंज कंट्रोल म्हणजे बदलाला 'नाही' म्हणणं नव्हे. बदल तोंडी येऊ द्यायचा नाही, लेखी घ्यायचा. काय बदलायचंय, का, त्याने किती दिवस आणि किती पैसे वाढतील, आणि हो कुणी म्हटलं, एवढं एका ओळीत लिहायचं. मोठ्या प्रोजेक्टमध्ये निर्णय घ्यायला चेंज कंट्रोल बोर्ड असतं. घरात ते काम नवरा-बायको मिळून करू शकतात. मंजूर झालं तरच बेसलाइनची नवी आवृत्ती निघते, आणि जुनी तारखेसह जपून ठेवली जाते. गिटमध्ये जुने कमिट ठेवतो तसंच.

रेल्वेच्या खर्चाकडे या नजरेने पाहिलं की 'साडेतेरा पट' हा आकडा फुटून वेगळे तुकडे दिसायला लागतात. पंचवीस वर्षांत रुपयाची किंमत घसरली, लोखंड-सिमेंट महागलं, हा एक तुकडा. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला, त्यात ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चारपटीपर्यंत जाऊ शकतो, हा दुसरा. माझ्या मते तो न्याय्य बदल होता. जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला आधीच्या कायद्यात फार कमी मिळायचं, त्यामुळे हे पैसे उधळपट्टीच्या खात्यात टाकता येणार नाहीत. तिसरा तुकडा उशिराचा. पैसे वेळेवर मिळाले नाहीत की काम रेंगाळतं, रेंगाळलं की पहिले दोन तुकडे आणखी फुगतात. पहिला तुकडा कुणाच्या हातात नव्हता, दुसरा कायद्याने ठरवला, तिसरा मात्र हातातला होता. प्रत्येक सुधारित अंदाजाशेजारी या तीन रकमा वेगळ्या छापल्या, तर चूक कुठे झाली आणि बदल कुठे रास्त होता ते कुणालाही कळेल. नुसता एकूण आकडा दिला की एक बाजू 'भ्रष्टाचार' म्हणते, दुसरी 'महागाई', आणि चर्चा तिथेच संपते. पारावरची तर नक्कीच.

नाव बदलणं हासुद्धा बदलच, बरं का. अहमदनगर आता अहिल्यानगर झालंय, त्यामुळे जुन्या फायलींत आणि नव्या अहवालांत एकच प्रकल्प दोन नावांनी सापडतो. ऑनलाइन शोधताना दोन्ही टाकून बघा.

तर वडवणीकराने विचारायचं काय?

'रेल्वे कधी येणार' हा प्रश्न बदलून पाहा. वडवणीच्या टप्प्यात कुठली जमीन अजून ताब्यात यायची आहे? कुठला पूल बाकी आहे? सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीसाठी टप्पा कधी सादर होणार? मागच्या वेळी सांगितलेली तारीख कुठली होती, आणि ती का हुकली? माहिती अधिकाराच्या अर्जात हे चार प्रश्न लिहिता येतात. आणि मिळालेली तारीख वहीत, आधीच्या तारखेच्या खाली लिहायची, तिच्यावर खोडून नाही.