जखम बुबुळावर, आजार अंगात

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा आला की बुबुळ प्रत्यारोपणाच्या बातम्या येतात, नेत्रदानाचे अर्ज भरून घेतले जातात. ते व्हायलाच हवे. पण आमवाताने, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिसने, ज्यांचे बुबुळ झिजू लागले आहे त्यांना या बातम्यांतून अर्धीच गोष्ट कळते. अंगातला आजार आटोक्यात नसेल, तर दानात मिळालेले बुबुळही पुन्हा झिजू लागते.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्या कडेपर्यंत येऊन थांबतात. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते, कडेच्या या वाहिन्यांना सूज येते आणि तिथे जमलेल्या पेशी पडद्यातले कोलॅजन विरघळवणारी विकरे सोडतात. डोळ्यात फ्लुरोसिन हा रंग घालून स्लिट लॅम्पचा निळा प्रकाश टाकला, की काठालगत चंद्रकोरीच्या आकाराची जखम हिरवी चमकते. काही रुग्णांत थोड्याच दिवसांत तिथे भोक पडते.

हा प्रश्न केवळ नजरेचा नाही. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ स्टीफन फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अशी जखम किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागाची ऊती मारणारी सूज असलेल्या ३४ आमवात रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे न मिळालेल्या १७ जणांपैकी ९ दगावले. औषधे मिळालेल्या १७ पैकी फक्त एक. अभ्यास छोटा आणि जुना आहे, तरी त्याचा इशारा आजही लागू आहे. रक्तवाहिन्यांची हीच सूज इतर अवयवांतही असू शकते. डोळ्यात ती दिसते, एवढेच.

म्हणून खरा उपचार पोटातून आणि शिरेतून होतो: तातडीने स्टेरॉइड, जोडीला मेथोट्रेक्सेट किंवा सायक्लोफॉस्फमाइड, गरज पडल्यास रिटुक्सिमॅब. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. डोळ्यात छोटे भोक पडलेच, तर सायनोअॅक्रिलेट गोंदाने ते बुजवून वर कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात. त्यातून वेळ मिळतो, आजार बरा होत नाही.

आमवातात डोळे कोरडे पडणे तर या जखमेहून कितीतरी जास्त आढळते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्येच कोरडे डोळे आणि सांधेदुखीचे नाते मांडले होते. तपासणीही सोपी: शर्मर चाचणीची कागदी पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटे अडकवायची. ओल पाच मिलिमीटरपर्यंतही पोहोचली नाही, तर अश्रू फारच कमी आहेत. इतकी स्वस्त चाचणी संधिवाताच्या प्रत्येक ओपीडीत व्हायला हवी.

आमवात असलेल्या माणसाचा डोळा दुखून लाल झाला, उजेड सहन होईनासा झाला, तर ‘डोळे आलेत’ म्हणून मेडिकलमधून स्टेरॉइडचे किंवा डायक्लोफेनॅकचे थेंब आणू नका. या दोन्हींनी झिजलेला पडदा फाटू शकतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि सांध्यांच्या डॉक्टरांनाही फोन करा.